वास्तूंच्या छायाचित्रांतील विस्तृतकोनी भिंगाचे विरूपण आणि त्याची दुरुस्ती : कोंढाणे लेण्यांच्या संदर्भात

सारांश : वास्तूच्या छायाचित्राचा अभ्याससाधन म्हणून उपयोग करताना भिंगामुळे व कॅमेऱ्याच्या स्थितीमुळे होणारे विरूपण दूर करावे लागते. प्रस्तुत लेखात या विरूपणाचे प्रकार, दुरुस्तीचा क्रम आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांतील वास्तूंच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : विस्तृतकोनी भिंग, पिंपाकार विरूपण, यथादर्शन, ओळंबा, कोंढाणे

प्रस्तावना

राजमाचीच्या पायथ्याशी असलेली कोंढाणे लेणी (ता. कर्जत) पश्चिम भारतातील प्रारंभीच्या बौद्ध लेण्यांमध्ये गणली जातात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील नर्तक-युगुलांचे शिल्पपट, डाव्या बाजूच्या भग्न भव्य मूर्तीच्या मस्तकाजवळचा ब्राह्मी लेख आणि लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल करणारे विहाराचे छत यांमुळे इतिहास, पुरातत्त्व व कला या विषयांच्या अभ्यासकांचे या स्थळाकडे सातत्याने लक्ष राहिले आहे. अभ्याससहलीत विद्यार्थी येथील शेकडो छायाचित्रे घेतात आणि पुढे प्रकल्पात तीच पुरावा म्हणून जोडली जातात. जागेच्या अडचणीमुळे ही छायाचित्रे बहुधा विस्तृतकोनी भिंगाने घेतलेली असतात. त्यांत सरळ रेषा वक्र होतात, उभ्या रेषा वर एकत्र येतात आणि कडेच्या आकृती ताणल्या जातात. संगणकावर हे दोष क्षणात नाहीसे करता येतात. तथापि दोष दूर करताना वास्तूचे खरे वैशिष्ट्यही पुसले जाण्याचा धोका असतो. त्यामुळे या प्रक्रियेमागील तत्त्वे समजून घेणे अगत्याचे ठरते.

विरूपणाचे तीन प्रकार

वरवर पाहता सारखेच वाटणारे हे दोष तीन निरनिराळ्या कारणांनी उद्भवतात.

१) पिंपाकार विरूपण : हा भिंगाचा दोष होय. प्रकाशीय अक्षापासून दूर जाताना प्रतिमेचे विवर्धन कमी होत गेले, तर कडेच्या सरळ रेषा पिंपाच्या फळ्यांप्रमाणे बाहेर फुगतात. विवर्धन वाढत गेल्यास उलट परिणाम होऊन रेषा आत झुकतात. दोष कडेशी २ टक्के असला, तर ७ मीटर रुंद कक्षाच्या चित्रात मध्यापासून ३.५ मीटरवरील भिंत सुमारे ७ सेंटिमीटर सरकलेली दिसते. डोळ्यांस हे जाणवत नाही. मापनात मात्र जाणवते.

२) उभ्या रेषांचे अभिसरण : हा भिंगाचा दोष नव्हे. उंच वास्तू चौकटीत बसविण्यासाठी कॅमेरा वर कलविला की संवेदकाचे प्रतल वास्तूच्या दर्शनी प्रतलाशी समांतर राहत नाही. वरचा भाग दूर पडल्याने लहान दिसतो. निर्दोष भिंगानेही हे घडतेच.

३) कडेचा ताण : सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या भिंगात मध्यापासून दूर असलेल्या गोलाकार वस्तू लांबट होतात. अक्षाशी ४५ अंशांवर असलेला गोल आपल्या रुंदीच्या सुमारे १.४ पट लांब दिसतो. कडेस आलेला स्तूपाचा अंड अंडाकृती दिसतो, तो यामुळेच. छायाचित्र मूळ स्थानापेक्षा अधिक दुरून पाहिले जाते, म्हणून हा ताण खटकतो. सपाट भिंतीच्या मापनात त्याने बाधा येत नाही.

अंतराचे गणित

१८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये (तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते) कोंढाणे चैत्यगृहाची मापे दिली आहेत. दर्शनी अर्धस्तंभांपासून मागील टोकापर्यंत लांबी ६६.५ फूट, मध्यदालनाची रुंदी १४ फूट ८ इंच आणि कमानीच्या शिखरापर्यंत उंची २८ फूट ५ इंच, म्हणजे सुमारे ८.७ मीटर. छायाचित्रकार १.५ मीटर उंचीवर, पूर्णतः समपातळीत धरलेल्या कॅमेऱ्याने हे शिखर टिपू इच्छितो असे मानू. ३६ मि.मी. उंचीच्या उभ्या चौकटीत अक्षाच्या वर १८ मि.मी. जागा मिळते. २४ मि.मी. नाभीय अंतराच्या भिंगास ही जागा अंतराच्या ०.७५ पट उंची व्यापू देते. अक्षावरील ७.२ मीटर उंचीसाठी किमान ९.६ मीटर मागे जाणे त्यामुळे आवश्यक ठरते. तेवढी मोकळी जागा नसेल, तर कॅमेरा वर कलतो आणि अभिसरण अटळ होते.

भिंग संवेदकाच्या समांतर वर सरकविण्याची सोय असलेले भिंग हा यावरील जुना व उत्तम उपाय होय. ते १२ मि.मी. सरकविल्यास वरची जागा ३० मि.मी. होते आणि अंतर सुमारे ५.८ मीटरवर येते. मोठ्या पट्टीच्या जुन्या कॅमेऱ्यांत ही सोय सर्रास असे.

खालापूर तालुक्यातील खोपोली येथे परिस्थिती नेमकी उलट आहे. नाना फडणवीस यांनी बांधलेले महादेवाचे मंदिर आणि तलाव तेथे शेजारी आहेत. तलावाच्या पलीकडच्या काठावरून लांब नाभीय अंतराच्या भिंगाने मंदिर टिपल्यास बहुतेक दुरुस्तीची गरजच उरत नाही. पुरेसे अंतर लाभणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम भिंगाचा दोष आणि नंतर यथादर्शन हा क्रम पाळणे अनिवार्य आहे. पिंपाकार दोष भिंगाच्या अक्षाभोवती सममित असतो. चित्र आधी तिरपे ताणल्यास किंवा कातरल्यास ही सममिती नष्ट होते आणि मग तो दोष नीट काढता येत नाही.

भिंगाचा दोष मोजण्याची एक पद्धती ड्युएन ब्राउन यांनी १९७१ मध्ये मांडली. अवकाशातील सरळ रेषा निर्दोष चित्रात सरळच उमटली पाहिजे, हे तिचे सूत्र. त्यासाठी त्यांनी ओळंब्याचे दोरे टांगून त्यांची छायाचित्रे घेतली. गवंड्याच्या पिशवीतील साधन अशा रीतीने भिंगाच्या परीक्षणास उपयोगी पडले. दोऱ्याच्या प्रतिमेवरील बिंदूंवरून अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाशी व चतुर्थ घाताशी निगडित सहगुणक काढले जातात. हगिन या मुक्त संगणकप्रणालीत ही सोय आहे. लेन्सफन या मुक्त संग्रहात अनेक भिंगांचे सहगुणक तयार मिळतात. भ्रमणध्वनीतील कॅमेरे बहुधा ही दुरुस्ती स्वतःच करून चित्र देतात. अशा चित्रावर ती दुसऱ्यांदा केल्यास नवा दोष निर्माण होतो.

यथादर्शनाची दुरुस्ती दोन मार्गांनी होते. पहिल्यात एका प्रतलावरील चार ज्ञात बिंदू निवडून आठ अज्ञात राशी सोडविल्या जातात. दुसऱ्यात कॅमेरा किती अंशांनी कलला होता एवढेच ठरवून चित्र तितके उलट फिरविले जाते. पहिला मार्ग एकाच प्रतलापुरता खरा असतो. चैत्याचा दर्शनी भाग मात्र एका प्रतलात नाही. शिल्पपट पुढे आणि कमानीचा अंतर्भाग मागे आहे. एका प्रतलावर बसविलेले माप दुसऱ्यास लागू करता येत नाही.

दुरुस्ती कोणत्या रेषेवर बेतावी?

खरा प्रश्न येथे उपस्थित होतो. संगणकप्रणालीतील स्वयंचलित आज्ञा चित्रातील ‘उभ्या’ रेषा शोधून त्या लंबरूप करते. ती रेषा वास्तूत लंबरूपच आहे, असे ती गृहीत धरते. भाजे येथील चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी बांधणीत छताचा भार पेलण्यासाठी खांब कलते ठेवले जात. खडकात त्याची गरज नसतानाही कारागिरांनी ती रीत जपली. हा कल प्राचीनत्वाचा महत्त्वाचा पुरावा मानला जातो. कार्ले येथे खांब उभे आहेत. खांब हीच प्रमाणरेषा मानून भाज्याचे चित्र ‘सुधारले’, तर तो पुरावाच नाहीसा होईल. कोंढाणेही याच प्रारंभीच्या परंपरेतील आहे आणि तेथील बहुतेक खांब खालून झिजून गेले आहेत. त्यामुळे तेथे खांबांवरून लंबदिशा ठरविणे अधिकच धोक्याचे आहे. चौकटीत एक ओळंबा टांगून त्याचा दोरा प्रमाण मानणे हाच निर्धोक मार्ग होय.

हीच दक्षता लेखाबाबत घ्यावी लागते. ‘कण्हाचा शिष्य बलक याने केले’ अशा आशयाच्या या लेखाचा काळ अक्षरांच्या वळणावरून व प्रमाणावरून अनुमानिला जातो. एका दिशेने अधिक ताणलेल्या चित्रात अक्षरे उंच किंवा बुटकी होतात. लेखाशेजारी चित्रात दिसेल अशी मोजपट्टी आडवी व उभी धरणे म्हणून आवश्यक ठरते.

पडताळणी

दुरुस्त चित्र ज्ञात मापांशी ताडून पाहावे. चैत्याच्या मध्यदालनाची उंची व रुंदी यांचे प्रमाण गॅझेटिअरनुसार १.९४ येते, दोन्ही मापे ज्या छेदाची आहेत, त्याच प्रतलावर ते तपासावे. विहाराच्या छतातील दगडी तुळया साडेतीन फुटांच्या अंतराने कोरलेल्या आहेत. छताच्या प्रतलावर दुरुस्त केलेल्या चित्रात त्यांतील अंतरे जवळपास समान यावयास हवीत. मात्र हातांनी कोरलेल्या कामात थोडा फरक स्वाभाविक असतो. तो फरक चित्रात शिल्लक राहणे हे दुरुस्ती प्रामाणिक असल्याचे लक्षण मानावे. चित्राचा वरचा भाग ताणला गेल्याने तेथील तपशील विरळ होतो, हेही लक्षात ठेवणे इष्ट. शिखराजवळील बारीक कामासाठी स्वतंत्र छायाचित्र घ्यावे.

निष्कर्ष

१) भिंगाचा दोष आणि यथादर्शन या भिन्न बाबी असून त्यांची दुरुस्ती याच क्रमाने करावी. २) शक्य तेथे अंतर वाढवून व कॅमेरा समपातळीत ठेवून दुरुस्तीची गरजच कमी करावी. ३) लंबदिशा वास्तूवरून न ठरविता ओळंब्यावरून ठरवावी. ४) मूळ चित्र अबाधित ठेवून भिंग, अंतर व केलेली प्रक्रिया यांची नोंद प्रकल्पास जोडावी. कोंढाण्याचा खडक दर पावसाळ्यात झिजत आहे. आज घेतलेले छायाचित्र उद्याच्या अभ्यासकास उरलेला एकमेव पुरावा ठरू शकते. ते देखणे असण्यापेक्षा खरे असणे अधिक मोलाचे आहे.