निसर्गाची देवघेव आणि दिल्लीची यमुना

पावसाळा सरला, दिवाळी आटोपली, की दिल्लीच्या आग्नेयेस कालिंदी कुंजपाशी यमुनेच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगू लागतात. लांबून पाहणाऱ्यास नदीवर बर्फच पसरले आहे असा भास व्हावा. कार्तिक शुद्ध षष्ठीला छठपूजेसाठी आलेल्या स्त्रिया या फेसात उभ्या राहून सूर्यास अर्घ्य देत आहेत, हे दृश्य अलीकडच्या काळात अनेक वर्षी दिसले आहे. हा फेस येतो कोठून? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास निसर्गाच्या एका मूलभूत व्यवहारापाशी, त्याच्या देवघेवीपाशी, जाऊन पोचावे लागते.

निसर्गाच्या पेढीत भांडवल ठरलेले असते. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, तिचे ढग होतात, पाऊस पडतो, झाडे मुळांनी पाणी शोषून पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात, आणि उरलेले पाणी नदीने वा भूमीखालून समुद्राकडे परतते. पाण्याप्रमाणेच जीवांच्या पोषणद्रव्यांचाही फेरा चालू असतो. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. पण वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. हरभरा, तूर यांसारख्या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू तो हवेतून घेऊन पिकाच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. पाला गळतो, प्राणी मरतो, की दुसरे जीवाणू व बुरशी त्याचे विघटन करून ती द्रव्ये मातीस परत करतात, आणि त्यांतला काही नायट्रोजन पुन्हा हवेत जातो. फॉस्फरसला मात्र हवेचा मार्ग नाही. खडक झिजून तो अतिशय सावकाश मातीत येतो. तेथून वाहून एकदा समुद्रास मिळाला, की मनुष्याच्या हिशेबी तो बुडालाच.

जुन्या गावगाड्यात हा फेरा बऱ्याच अंशी पुरा होत असे. शेतातले धान्य गावातच खाल्ले जाई. कडबा गुरे खात. शेण, राख व केरकचरा उकिरड्यावर कुजून पुन्हा शेतात पडे. मोठ्या शहराने हा फेरा तोडला. दिल्लीत येणाऱ्या धान्याच्या प्रत्येक पोत्याबरोबर दूरच्या शेतातील नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो. तो पोटात जातो, तेथून गटारात, आणि गटारातून यमुनेत. शेताची तूट मग रासायनिक खताने भरावी लागते. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनविण्याची रीत फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने 1909 साली दाखविली आणि 1913 पासून तिचे कारखाने सुरू झाले. फॉस्फरससाठी लागणारा खडक तर भारतास बव्हंशी परदेशातून आणावा लागतो. एवंच, एका टोकाला माती रिती होते आणि दुसऱ्या टोकाला नदी त्याच द्रव्यांनी गुदमरते.

यमुनेची एकंदर लांबी 1,376 किलोमीटर. त्यांपैकी दिल्लीतील वजिराबाद ते ओखला हा टप्पा जेमतेम 22 किलोमीटरांचा, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी; परंतु नदीतील एकूण प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार याच टप्प्यात पडतो. वजिराबादचा बंधारा 1959 साली झाला. तेथे शहरासाठी पाणी उपसले जाते, आणि पावसाळ्याखेरीज इतर दिवसांत बंधाऱ्याखाली नदीचे स्वतःचे असे पाणी फारच थोडे उरते. लगेच खाली नजफगढ नाला येऊन मिळतो. हा नाला म्हणजे वस्तुतः एके काळच्या साहिबी नदीचा प्रवाह. मैलापाणी कुजविताना जीवाणू पाण्यातील प्राणवायू संपवितात व मासे तगत नाहीत. उरलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी फोफावते. शेतात जे खत झाले असते, ते येथे तणाचे अन्न होते. धुण्याच्या पावडरीतील फेसकारक द्रव्येही याच पाण्यात मिसळलेली असतात. पावसाळ्यात पूर त्यांना पातळ करून वाहून नेतो. प्रवाह आटला, की ओखल्याच्या बंधाऱ्यावरून पडताना हे दाट पाणी घुसळले जाते, त्यात हवा शिरते आणि फेस उसळतो. घरोघरच्या मोरीतून गेलेले पाणीच अशा रूपाने पुन्हा डोळ्यांसमोर येते.

दिल्लीकरांना याची दुसरी झळ नळावर लागते. हिवाळ्यात वरच्या अंगाने येणाऱ्या पाण्यात अमोनियाचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. अमोनिया क्लोरिनशी संयोग पावून त्याची जंतुनाशक शक्ती खर्ची घालतो. सबब जलशुद्धीकरण केंद्रांना उत्पादन कमी करावे लागते आणि वस्त्यांतील नळ कोरडे पडतात. ज्या नायट्रोजनने गव्हाची ओंबी भरावयाची, तोच अस्थानी गेल्यामुळे घागर रिकामी ठेवतो.

जुलै 2023 मध्ये यमुनेची पातळी जुन्या लोहमार्ग पुलापाशी 208.66 मीटरवर गेली आणि 1978 चा उच्चांक मोडला. काठच्या हजारो लोकांना घरे सोडावी लागली. ती आपत्ती खरीच. परंतु नदीकाठची पूरभूमी मुळात नदीचीच आहे, याची आठवणही त्या पुराने दिली. पुराबरोबर तेथे नवा गाळ पसरतो आणि वाळूतून पाणी झिरपून भूमीखाली साठते. उत्तरेस पल्ला येथील नलिकाकूपांतून दिल्लीला मिळणारे पाणी याच साठ्यातले. अशी भूमी बांधकामाखाली गेली, तर पाण्याचा फेराही तुटतो.

तुटलेला फेरा सांधता येतो, याचे एक लहानसे उदाहरण दक्षिण दिल्लीतील नीला हौज या तळ्यावर पाहावयास मिळते. तेथे येणारे मैलापाणी दगड-खडीच्या थरांतून व पाणवनस्पतींच्या मुळांतून जाऊ दिल्याने निवळते आणि मगच तळ्यात उतरते. खताच्या बाबतीत तर हा विचार फार पूर्वी झालेला आहे. 1924 साली इंदूरच्या होळकर संस्थानात स्थापन झालेल्या संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, मूत्र मुरलेली माती व राख यांपासून शास्त्रशुद्ध कंपोस्ट बनविण्याची रीत बसविली. 1931 साली तिच्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर पोचली.

मैलापाणी शुद्ध करणे अगत्याचे आहेच. मात्र तेवढ्याने काम पुरे होत नाही. कारखान्यांतील विषारी द्रव्ये त्यात मिसळू न देता, त्यातले पोषक अंश सुरक्षितपणे मातीस परत पोचविणे, हा कामाचा दुसरा अर्धा भाग होय. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे मराठीत म्हणतात. उकिरड्याचे पांग फिटतात ते त्यातले खत शेतात गेले म्हणजे. यमुनेचे पांग फिटावयाचे, तर तिच्यात टाकलेले शेताचे देणे शेताकडेच वळवावे लागेल.