आजीच्या डबीत पाणी नव्हतं

आषाढाच्या तोंडावर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद सुटलं की चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं, आणि तरडगावचा मुक्काम करून सोहळा फलटणच्या विमानतळावर उतरतो. त्या संध्याकाळी तंबूंमधून फिरलं की टाळमृदंगाच्या बरोबरीनं एक वास सगळीकडे भेटतो, कोमट तेलाचा. कुणी कुणाचे पाय चेपत असतं, कुणी स्वतःच्याच टाचेच्या भेगांत बोट फिरवत असतं. एखादी आजीबाई पिशवीच्या तळातून चपटी डबी काढते. आत पिवळट, घट्ट मलम. शेजारणीनं विचारलंच तर उत्तर दोन शब्दांचं असतं: "मेण आन् तेल."

याच गावात बसून मीही एकदा चेहऱ्याला लावायचं क्रीम घरी केलं होतं. मोबाइलवरच्या व्हिडिओत होतं तसं: दारातल्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी, थोडं बदामाचं तेल, सगळं मिक्सरमधून फिरवून काचेच्या बाटलीत. पहिले चार दिवस कौतुकात गेले. आठव्या दिवशी झाकणाच्या कडेला काळपट ठिपके दिसले आणि वास आंबूस आला. वस्तू सगळ्या घरच्या होत्या, हातही स्वच्छ धुतलेले होते. मग चुकलं कुठं?

उत्तर फळीवरच्या लोणच्याच्या बरणीत होतं. बरणीला ओला हात लावला की घरात कोण ओरडत नाही? बुरशीला नि जंतूंना वाढायला पाणी लागतं. लोणच्यात मीठ आणि वरचं तेल त्यांना ते मिळू देत नाही. माझ्या बाटलीत मात्र मी त्यांच्यासाठी पाणवठाच भरून ठेवला होता. बाजारातल्या बहुतेक लोशनमध्येही निम्म्याहून अधिक पाणी असतं, पण तिथं ते टिकवणारं रसायन मोजून घातलेलं असतं. घरी ते मोजमाप नसतं. म्हणून जुन्या बायकांनी त्वचेसाठी जे जे केलं त्याचे तीनच प्रकार दिसतात: उटण्यासारखं कोरडं चूर्ण, मलमासारखं निव्वळ तेलमेण, आणि साय-हळदीसारखं वाटीत कालवून तिथंच संपवायचं. पाणी घालून डबीत भरून ठेवलेलं काही नाही.

काट्यांमागचं तेल

फलटणमध्ये हा विषय निघाला की करडईला टाळून पुढं जाता येत नाही. पालखी ज्या लोणंद-फलटण रस्त्यानं येते त्याच रस्त्यावर तांबमाळावर निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बी. व्ही. निंबकर यांनी ती 1968 मध्ये स्थापन केली. करडईचे वाण हे या संस्थेचं फार मोठं काम. जुन्या करडईला काटे फार, म्हणून शेतकरी ती ज्वारीच्या कडेनं तासात पेरायचे, गुरं आत शिरायची नाहीत. पण काढणीला हात सोलून निघायचे. इथल्या 'नारी-6' सारख्या बिनकाट्याच्या वाणांनी तो जाच कमी केला.

या तेलात त्वचेच्या कामाचं काय आहे? नेहमीच्या करडईच्या तेलात 70 टक्क्यांहून अधिक लिनोलेइक आम्ल असतं. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे: मेलेल्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध लेप हा गिलावा. त्या गिलाव्याच्या घडणीत लिनोलेइक आम्ल लागतं. गिलावा झडला की आतलं पाणी उडून जातं, अंग पांढरं पडतं, खाज सुटते. करडईचं तेल अंगाला हलकं वाटतं, खोबरेल तेलासारखं थिजत नाही. चेहऱ्यावर पुटकुळ्या येणाऱ्यांना खोबरेल अनेकदा मानवत नाही. त्यांनी हे करून पाहायला हरकत नाही.

याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे हे तेल हवेनं आणि उजेडानं लवकर खवट होतं. म्हणून घाण्यावरून आणताना पाव लिटरच आणावं, गडद बाटलीत गच्च भरून कपाटात ठेवावं. खवट वास आला तर दिव्याला वापरावं, अंगाला नाही.

करडईच्या फुलाचीही एक गोष्ट आहे. कुसुंबी रंग हा शब्द याच फुलावरून आला. पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्यात धुऊन जातो, मागं उरलेला लाल मात्र आम्लारी पाण्यातच सुटतो. जपानमध्ये हा लाल रंग वेगळा काढून बायकांच्या ओठांना लावायची शतकानुशतकांची रीत आहे. तिथं त्याला 'बेनी' म्हणतात. आपल्याकडे ज्वारीच्या बांधावर कडेला उभं राहणारं पीक तिथं शृंगाराच्या पेटीत जाऊन बसलं.

मेणाची डबी

आपल्या शृंगारपेटीत मेण होतं. टिकल्या येण्याआधी बायका कपाळावर आधी मेणाचा ठिपका टेकवत आणि त्यावर कुंकू दाबत. फणी, करंडा, आरसा आणि मेणाची डबी, ही पेटी अनेक घरांत अजून माळ्यावर सापडेल. त्याच मेणात तेल मिसळलं की टाचांचं मलम होतं.

मेण मिळवायला फलटणकरांना लांब जावं लागत नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाबळेश्वरच्या रानात मधपाळ सातेरी माश्या पाळतात. तिथलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मध काढला की पोळ्याचं मेण उरतं. घेताना ते मधमाशीचंच आहे याची खात्री करावी, कारण मेणबत्तीचं पांढरं मेण खनिज तेलापासूनचं असतं.

कृती सोपी आहे. करडईचं तेल 80 ग्रॅम आणि किसलेलं मेण 20 ग्रॅम, म्हणजे चाराला एक. वजनकाट्यावर मोजावं, चमच्यानं नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात कोरडी स्टीलची वाटी धरावी आणि वाटीत दोन्ही घालावं. मेण साधारण 62 ते 65 अंशांना वितळतं, म्हणून थेट गॅसवर ठेवायची गरज नाही. शिवाय तसं केलं तर तेल जळतं. एकजीव झालं की कोरड्या डबीत ओतावं आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण लावू नये, नाहीतर आत वाफ धरते आणि नको असलेलं पाणी मागच्या दारानं आत येतं. फलटणच्या उन्हाळ्यात मलम पातळ वाटलं तर पुढच्या खेपेला मेण 25 ग्रॅम घ्यावं, थंडीत 15 पुरे.

रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून, टिपून, किंचित ओलसर असतानाच हे चोळावं आणि मोजे घालावेत. पाणी पायाला द्यायचं, मेणानं ते आत अडवायचं. कोकणात हेच काम कोकमाच्या बियांचं भिरंडेल करतं. घट्ट वडी टाचेवर घासली की हळूहळू विरघळते. मात्र मधुमेह असेल, भेग खोल असेल, रक्त किंवा पू येत असेल तर मलम बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं.

दुसऱ्या शतकात गॅलन या वैद्यानं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी घोटून लेप केला होता. त्यातलं पाणी अंगावर उडताना गारवा देई, त्यावरूनच पुढं 'कोल्ड क्रीम' हा शब्द रूढ झाला. पण पाण्यामुळेच तो लेप टिकत नसे, ताजा करून वापरावा लागे. माझी बाटली आठव्या दिवशी बिघडली ती अशी फार जुन्या परंपरेतली होती.

हळदीची साक्ष

आता फलटणहून दक्षिणेला, सांगलीकडे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत साठवायची रीत होती. कोरड्या मातीच्या पोटात हळकुंडं टिकत. पुढं 2005 च्या महापुरानं त्यातल्या कित्येक पेवांची वाट लावली. कोरडं ते टिकतं, ओलं झालं की गेलं, हा नियम तिथंही सुटला नाही.

जखमेवर हळद लावायची हे आपल्याला कुणी शिकवलेलं आठवतही नाही. तरी 1995 मध्ये अमेरिकेत त्याच उपयोगाचं पेटंट दिलं गेलं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ आणि लेख पुरावे म्हणून मांडले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं.

लेपासाठी हळद घेताना हळकुंडं आणून दळावीत, कारण तयार भुकटीत रंगाची भेसळ होऊ शकते. दोन चमचे ताजी साय, एक चमचा डाळीचं पीठ आणि चिमूटभर हळद वाटीत कालवून लावावी आणि दहा मिनिटांनी धुऊन टाकावी. उरलं ते फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. चिमटीपेक्षा जास्त हळद घातली तर गुण वाढत नाही, डाग वाढतो.

हळद आणखी एक धडा देते. अंगाला हळद लागलेली असताना साबण लावला की फेस लाल होतो. हळद आम्लारी पदार्थाला लाल होऊन साक्ष देते. हळदीपासून कुंकू बनतं ते याच गुणावर, आणि सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव त्या कुंकवासाठी ओळखलं जातं. सामू (पीएच) म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, माती परीक्षणाच्या कागदावर तो पहिल्या ओळीत असतो. त्वचेचा सामू साधारण 5 च्या आसपास, म्हणजे सौम्य आम्ल. साबणाच्या वडीचा 9 ते 10. वरचेवर साबण म्हणजे वरचेवर गिलावा खरवडणं. खायच्या सोड्यानं तोंड घासायचे सल्ले मिळतात, तेही याच कारणानं वर्ज्य. लिंबू दुसऱ्या टोकाला, सामू 2 च्या घरात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काहींच्या कातडीवर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात.

उटणं: वर्षभराचं

दिवाळीला आधी तेल, मग उटणं, हा क्रम उगाच नाही. मळ तेलात सुटतो आणि डाळीचं पीठ ते तेल शोषून घेतं. मसुराचं पीठ साबणासारखं आम्लारीही नसतं.

दोन वाट्या मसूर डाळ कोरड्या फडक्यानं पुसून घ्यावी, धुऊ नये. त्यात वाळवलेली संत्र्याची साल आणि मुलतानी माती अर्धी अर्धी वाटी, आंबेहळद, नागरमोथा, वाळा आणि गव्हला कचोरा दोन दोन चमचे, मूठभर सुकलेल्या गुलाबपाकळ्या. काष्ठौषधींच्या दुकानात हे सगळं सुटं मिळतं. सालीला सात-आठ दिवस कडक ऊन द्यावं, मोडताना 'कट्' आवाज आला पाहिजे. सगळं दळून वस्त्रगाळ करावं, कारण जाडसर कण चेहऱ्याला ओरबाडतात. बरणीत कोरडा चमचा. दूध, पाणी, ताक काय घालायचं ते न्हाणीघरात, तळहातावर.

बिब्बाही झाडाचाच

'नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?' असं विचारणाऱ्याला बिब्बा दाखवावा. टाचेच्या भेगांवर बिब्ब्याचं तेल लावायचा गावठी उपाय जुना आहे, आणि तो उतल्यावर अंगभर उठलेले फोडही तितकेच जुने. कोरफडीचं पान कापल्यावर गळणारा पिवळा चीकही काहींना खाजवतो. म्हणून पान तिरकं उभं ठेवून तो निथळू द्यावा, मगच गर काढावा, आणि तो त्याच दिवशी वापरावा. कुठलाही नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबावं. उन्हापासून वाचवणारं क्रीम मात्र घरी करू नये, कारण ते किती ऊन अडवतं हे घरी मोजता येत नाही. फलटणच्या उन्हाला पदर, टोपी आणि छत्रीच खरी.

बचत गटाच्या बायकांना यात रोजगार दिसतो, आणि तो आहेही. पण विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावं लागतं. घरच्या चौघींसाठी केलं तर आपण उत्तर आपल्याच त्वचेला देतो, गिऱ्हाइकाला दिलं की ते कायद्याला द्यावं लागतं.

माझी ती ठिपक्यांची बाटली मी फेकून दिली. आता स्वयंपाकघरात बोटभर उंचीची स्टीलची डबी असते, झाकणावर केलेल्या दिवसाची तारीख लिहिलेली चिकटपट्टी. महिनाभरात ती संपते. आजीची डबी एवढी छोटी का, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. वाटायचं, गरिबी असेल. आता कळतं, संपेल तेवढंच करायचं, हा तिचा हिशेब होता.