म्हातारपणाचा हक

"अल्लाहच्या मेहेरबानीनं मुलं-सुना आहेत, मग सरकारपुढं हात कशाला पसरायचा?" वृद्धांच्या पेन्शनचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यामागची खुद्दारी आम्हाला कळते. पण पेन्शन म्हणजे खैरात, हा गैरसमजही त्यातच दडलेला आहे.

इमाम अबू यूसुफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये हजरत उमर (रजि.) यांची एक हकीकत आहे. दारोदार भीक मागणारा एक वृद्ध यहुदी त्यांना दिसला. त्यांनी त्याला घरी नेलं, जवळचं काही दिलं आणि बैतुलमालच्या खजिनदाराला बोलावून त्याची व त्याच्यासारख्या इतरांची तजवीज करायला सांगितलं. त्याचा जिझियाही माफ केला. तरुणपणी ज्याच्याकडून घेतलं, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणं हा इन्साफ नव्हे, असा त्यामागचा विचार होता. धर्म विचारला गेला नाही; पाहिली गेली ती गरज.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघानं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या २२व्या कलमात सामाजिक सुरक्षा हा प्रत्येकाचा हक मानला आहे आणि २५व्या कलमात म्हातारपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या राज्यघटनेचं ४१वं कलम वृद्धापकाळ, आजारपण व बेकारीत शासनानं आपल्या ऐपतीनुसार मदत करावी असं सांगतं. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व आहे; केवळ त्याच्या आधारावर कोर्टात दाद मागता येत नाही. म्हणूनच योजना नीट चालतात की नाही, यावर आपली नजर हवी.

केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १९९५ साली ७५ रुपयांपासून सुरू झाली. पुढं ती २०० रुपये झाली आणि ८० वर्षांपुढील वृद्धांसाठी ५०० रुपये. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेखाली ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांना २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्याहून कमी वयाच्या निराधार विधवा, तलाकशुदा स्त्रिया व दिव्यांगांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे.

श्रावणबाळ योजनेची अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात कोणत्या घराची चूल पेटते? मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर उमेद घालवलेला कारीगर किंवा सोलापुरात विड्या वळून बोटं वाकलेली बाई गरीबच आहे. पण मुलगा रिक्षा चालवतो म्हणून ती या अटीबाहेर जाऊ शकते. ही मर्यादा वाढवण्याची मागणी आपण सर्वांनी मिळून लावून धरली पाहिजे.

जे अटीत बसतात, तेही कागदांपाशी अडकतात. रेशनकार्डावर 'शेख हलीमाबी', आधारवर 'हलीमा बानो शेख', बँकेत आणखी तिसरंच नाव. माणूस एकच, पण कागदांत तीन. पैसे आधार जोडलेल्या खात्यात जमा होतात, त्यामुळे हा फरक आधीच दुरुस्त करून घ्यावा. वयाचा पुरावा नसेल तर निराश होऊ नये. ज्या नानीजान लहानपणी दोनच वर्षं उर्दू शाळेत गेल्या, त्यांची जन्मतारीखही त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडू शकते. आम्ही शिक्षकांनी ती जुनी रजिस्टरं उघडून दाखला देण्याचा कंटाळा करू नये; त्या एका ओळीवर कुणाचं औषधपाणी अवलंबून असतं.

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत द्यावा आणि पोच अवश्य घ्यावी. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नये.

आई-वडिलांना सांभाळणं हे औलादीचं फर्ज आहे. पेन्शन आली म्हणून ते संपत नाही. तसंच मुलं आहेत म्हणून शासनाची जबाबदारीही संपत नाही. जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या चार शिकलेल्या मुलांनी मशिदीबाहेर टेबल टाकून बुजुर्गांचे कागद तपासून दिले, तरी कित्येक अर्ज मार्गी लागतील. १,५०० रुपयांत म्हातारपण निघत नाही, हे खरं. पण गोळ्यांसाठी मुलाकडे मागावं लागत नाही, नातवाच्या हातावर ईदी ठेवता येते. ही इज्जतही त्यांच्या हकाचीच आहे.