जुन्या रिव्हॉल्व्हरची ओळख आणि त्याचे मोल

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यान-पुस्तिका निघत आहे, ते इतिहासाच्या तासाला पाठ्यपुस्तक बाजूला ठेवीत आणि आम्हांला घरातील एखादी जुनी वस्तू आणावयास सांगत. कोणी ढब्बू पैसा आणी, कोणी मोडी लिपीतील कागद. वस्तू हाती घेऊन त्यांचा पहिला प्रश्न असे, "हिच्यावर काय लिहिले आहे?" हाच प्रश्न जुन्या रिव्हॉल्व्हरला कसा विचारावा, हे येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे. शाळेच्या पुस्तिकेत हा विषय काहीसा परका वाटेल. परंतु त्याला आमच्या घरातील एक प्रसंग कारण आहे.

आमच्या आजोबांपाशी परवान्याचे एक रिव्हॉल्व्हर होते. त्यांच्या पश्चात ते माळ्यावरील कणगीत सापडले. उगाच चौकशीचा ससेमिरा मागे लागावयास नको, म्हणून थोरल्या काकांनी एका रात्री ते दूधगंगेच्या डोहात टाकून दिले. पुढे काही वर्षांनी जुन्या दप्तरात त्याच्या परवान्याचे पुस्तक मिळाले. त्यात बोअर होता, क्रमांक होता. तो क्रमांक ज्या लोखंडावर कोरलेला होता, ते मात्र उरले नव्हते.

काकांना एकट्याला दोष देता येणार नाही. शस्त्राविषयीच्या या भीतीची मुळे आपल्या मुलखात खोल गेलेली आहेत. १८५७ साली इंग्रजांनी शस्त्रे जमा करण्याचा कायदा केला, तेव्हा मुधोळजवळील हलगलीच्या बेरडांनी त्याला विरोध केला आणि तो बळाने चिरडला गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याचे बंधन देशभर पक्के झाले. तेव्हापासून शस्त्र म्हणजे लपविण्याची वस्तू, ही समजूत घराघरांत रुजली असावी.

आता ओळखीकडे वळू. मात्र त्याआधी एक दंडक सांगतो. सापडलेले कोणतेही शस्त्र भरलेलेच आहे, असे मानावे. चापाला बोट लावू नये. ते उघडून पाहण्याचे काम जाणकाराचे आहे.

पहिली पायरी म्हणजे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतील भेद. बोलण्यात आपण दोन्ही शब्द सरसकट वापरतो. ज्यात गोळ्या फिरत्या चक्राच्या घरांत बसतात, ते रिव्हॉल्व्हर. १९०९ साली नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग हे पिस्तूल होते. त्यास चक्र नव्हते.

दुसरी पायरी काळाची. सॅम्युअल कोल्टने आपल्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट १८३५ साली इंग्लंडात आणि १८३६ साली अमेरिकेत घेतले. त्या पिढीतील शस्त्रे ठासणीच्या बंदुकीचीच भावंडे होत. चक्राच्या घरांत पुढून दारू व गोळी ठासावयाची आणि मागील बोंडीवर तांब्याची टोपी बसवावयाची. चक्राच्या मागे अशा बोंड्या दिसल्या, तर घडण बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची समजावी. चक्र मागून आरपार खुले असेल, तर ते काडतुसाचे आणि सामान्यतः त्यानंतरचे. ब्रिटिश सैन्याने १८८७ साली स्वीकारलेले वेब्ली याच नंतरच्या पिढीचे आहे. ते मधोमध मोडून भरता येते.

तिसरी पायरी खुणांची. नळीची चाचणी झाल्यावर परीक्षागृह तिच्यावर ठसा उमटवीत असे. लंडनच्या ठशात मुकुटाखाली जी. पी. अशी अक्षरे गुंतविलेली असतात. बर्मिंगहॅमच्या जुन्या ठशात मुकुट आणि फुलीसारखे दोन राजदंड असतात. १९०४ साली तेथील ठसे बदलले, त्यामुळे काळ ठरविण्यास मदत होते. लंबवर्तुळात ई. एल. जी. ही अक्षरे असल्यास चाचणी बेल्जममधील लिएज येथे झालेली असते. पुष्कळदा वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या दुकानाचे नाव ठळक कोरलेले असते. लोक त्यालाच कारखानदार समजतात. वास्तविक तो विक्रेता असतो.

मोल ठरविताना संग्राहक चार गोष्टी पाहतो : घडणीची दुर्मिळता, सर्व भाग मूळचे असणे, स्थिती आणि पूर्वेतिहास. चौकटीवरील व चक्रावरील क्रमांक जुळले, तर भाग मूळचे असण्याची शक्यता वाढते. पितळी भांड्याप्रमाणे शस्त्र घासून लखलखीत करणे ही मोठी चूक होय; त्याने मूळची निळसर झिलई जाते, ठसे पुसट होतात आणि किंमत उतरते. क्रमांक खोडणे तर कायद्यानेच गुन्हा आहे.

परंतु चौथी गोष्ट उरलेल्या तिन्हींवर मात करते. फ्रेंच कवी पॉल व्हर्लेनने १८७३ साली ब्रुसेल्स येथे आर्थर रँबो या कवीवर ज्या रिव्हॉल्व्हरने गोळी झाडली, ते घडणीने अगदी सामान्य होते. २०१६ साली पॅरिसच्या लिलावात त्याला चार लाख चौतीस हजारांहून अधिक युरो मिळाले. ही किंमत लोखंडाची नव्हे, त्याच्याशी जोडलेल्या इतिहासाची होती.

आपल्याकडील उदाहरण अधिक बोलके आहे. १९२८ साली लाहोर येथे साँडर्सचा वध झाला, त्या वेळचे भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल अनेक वर्षे इंदूर येथे सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात होते. त्याच्यावर रंगाचा थर चढलेला होता. २०१६-१७ च्या सुमारास तो खरवडला, तेव्हा १६८८९६ हा क्रमांक दिसला आणि तो खटल्याच्या कागदांशी जुळला. लोखंड इंदुरात होते, कागद दप्तरात होते. दोन्ही जपले गेले, म्हणूनच त्यांची पुन्हा गाठ पडली.

कायद्याविषयीही गैरसमज फार. जुने आहे म्हणून परवाना नको, हे खरे नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमातील सवलत पुराण्या शस्त्राला मिळते, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, अशा स्थितीत असले तरच. इतर वेळी वारसांनी ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. हक्काचा परवाना मिळाल्यावर ते परत मागता येते. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परदेशी नेण्यास १९७२ च्या कायद्याने खाजगी व्यक्तीला मनाई आहे, हेही ध्यानात असावे.

शस्त्राचे प्रेम वाढावे, हा या लेखनाचा हेतू नाही. वस्तू आणि तिचा कागद यांची फारकत होऊ नये, एवढेच मागणे आहे. आमच्या घरी परवान्याचे पुस्तक अजून आहे. उन्हाळ्यात दूधगंगेचे पाणी उतरते, तेव्हा त्या डोहाकडे माझी नजर जाते, आणि गुरुजींचा प्रश्न आठवतो. काय लिहिले होते, ते मला ठाऊक आहे. दाखविण्यास वस्तू नाही.