मोठ्या कंपन्यांचे दोन टक्के आणि आपला कारखाना



हल्ली गटसभेत एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, चाकण-रांजणगावच्या कंपन्या शेजारच्या गावांना शाळाखोल्या बांधून देतात, बंधारे दुरुस्त करतात. आपल्या गावाला का नाही? आणि कारखाना का देत नाही?" प्रश्न रास्त आहे, म्हणून खुलासा करतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५ ची तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. आदल्या वर्षी ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे. यालाच 'सीएसआर' म्हणतात. समजा नफा ४०, ५० व ६० कोटी झाला. सरासरी ५० कोटी, दोन टक्के म्हणजे १ कोटी.

शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण, ग्रामविकास ही कामे यात बसतात. नुसत्या आपल्या कामगारांच्या सोयी किंवा राजकीय पक्षाला देणगी यात धरत नाहीत. कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो.

अर्थात कायदा नव्हता तेव्हाही कामे झाली. पुण्यात कर्वेनगरला मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ साली उभे राहिले. जागा व अनुभव महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा, मदत कमिन्स कंपनीची. कंपनीने पैसा दिला आणि चालविणारी संस्था जुनी, मुरलेली होती, म्हणून काम टिकले.

आता आपले. सहकारी कारखाना हा १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेला असतो, त्याला कलम १३५ लागू नाही. तरी प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या कारखान्याच्या परिसरात शाळा, महाविद्यालये, रुग्णालय झालेच. सहकार कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे राखीव निधी वगैरे काढल्यावर नफ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत रक्कम सार्वजनिक कामाला देता येते.

पण एक फरक ध्यानात धरा. कंपनी देते आणि गाव घेते. आपल्याकडे देणारे तुम्ही अन् घेणारेही तुम्हीच. कारखान्याचा प्रत्येक रुपया तुमच्या उसाचा आहे. म्हणून आधी १४ दिवसांत उसाचे बिल, मग समाजकार्य, हाच क्रम बरोबर. कोणत्या कामाला किती, हे वार्षिक सभेत विचारा. विचारणे म्हणजे विरोध नव्हे.

कंपनीकडे जायचे असेल तर एवढे करा:

१) ग्रामसभेत एकच निकडीचे काम ठरवा. दहा कामांची यादी नेली तर एकही होत नाही.

२) काम नोंदणीकृत संस्थेमार्फत न्या. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेला केंद्र सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही. रातोरात काढलेले मंडळ चालत नाही.

३) जागेचा उतारा व खर्चाचा अंदाज सोबत ठेवा.

४) पुढची देखभाल कोण करणार, हे लिहून द्या. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसते, फोटो निघतो, नि वीजबिलापायी ते बंद पडते. तसे होऊ देऊ नका.

अधिक माहितीसाठी आपल्या गट कार्यालयात जरूर भेटावे.

— ऊस विकास अधिकारी