मामांचा आकडा आणि रँडम नावाची भानगड

आमच्या कॉलेजच्या मागच्या गेटबाहेर मामांची टपरी आहे. चहा, क्रीमरोल, बनमस्का आणि ओरलच्या आदल्या रात्री मोफत धीर, एवढा माल तिथे मिळतो. गल्ल्याशेजारी एक जाडजूड वही असते. पहिलं वर्षभर मला ती उधारीची वही वाटायची. एकदा सुट्टे शोधताना उघडली तर आत लाल-निळ्या शाईत आकड्यांचे रकानेच्या रकाने. मटक्याचा चार्ट!

"तू कॉम्प्युटरला ना रे?" मामांनी विचारलं. "मग उद्याचा आकडा काढून दे की. एवढं शिकताय कशाला?"

मी तेव्हा सेकंड इयरला होतो आणि सी नुकतंच शिकलो होतो, म्हणजे अंगात आलं होतं. लॅबमधल्या लिनक्सवर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. रँड फंक्शनने एक संख्या घ्यायची, दहाने भागायची, उरलेली बाकी छापायची. उत्तर आलं 3. मामांना गंमत म्हणून सांगितलं आणि विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी टपरीवर माझं स्वागत बनमस्क्याने झालं. 3 लागला होता!

पुढची भानगड इथून सुरू होते. मी प्रोग्रॅम परत चालवला, उत्तर 3. तिसऱ्या दिवशी 3. चौथ्या दिवशीही 3. मामा म्हणाले, "यंत्र म्हणतंय म्हणजे काहीतरी असणार," आणि रोज रक्कम वाढवत 3 वरच लावत राहिले. आठ दिवसांत दोन हजार गेले. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणून हा लेख.

3 च का?

मराठी पुस्तकात रँडमला 'यादृच्छिक' म्हणतात. आपण रँडमच म्हणू. कॉम्प्युटरला सांगितलेलं काम तो तसंच्या तसं करतो, मग त्याला मनाला येईल तो आकडा सांगता येईल कसा? तो फक्त तसं नाटक करतो. एक छोटं सूत्र घ्या. आधीच्या संख्येला 5 ने गुणा, 3 मिळवा, 16 ने भागून बाकी घ्या. 7 पासून सुरुवात केली तर 6, 1, 8, 11, 10, 5, 12... असे आकडे येतात. दिसायला अगदी रँडम. पण नीट बघा. विषम, सम, विषम, सम! आणि 16 संख्या झाल्या की गाडी परत 7 वर. खरी फंक्शन्स यापेक्षा खूप हुशार असतात, पण जात तीच. याला स्यूडोरँडम, म्हणजे तोतया रँडम म्हणतात. सुरुवातीची संख्या म्हणजे 'सीड'. सीड तोच, तर आकड्यांची माळही तीच.

मी सीड द्यायलाच विसरलो होतो. सीड दिला नाही की सी तो 1 धरतं. लिनक्सवर जीसीसीने आजही करून बघा, पहिली संख्या बहुधा 1804289383 येईल. शेवटचा आकडा 3. मामांचे दोन हजार माझ्या एका न लिहिलेल्या ओळीत गेले.

तोतया पकडला की काय होतं?

1999 मध्ये इंटरनेटवरच्या पोकरमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर उघडकीला आलं. एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने आपला खेळ किती प्रामाणिक आहे हे दाखवायला पत्ते पिसण्याचा प्रोग्रॅमच जाहीर केला होता. 52 पत्ते पिसण्याचे एकूण प्रकार म्हणजे 8 वर 67 शून्यं, त्याहूनही थोडे जास्तच. पण त्या प्रोग्रॅमचा सीड होता मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद. दिवसात मिलिसेकंद असतात 8 कोटी 64 लाख. म्हणजे एवढेच डाव शक्य! सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या काही जणांनी आपलं घड्याळ सर्व्हरशी जुळवून ही संख्या दोन लाखांच्या आसपास आणली. मग हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते दिसले की बाकी सगळ्यांचे पत्ते कळायचे.

अमेरिकेतल्या एडी टिप्टनची गोष्ट तर सिनेमासारखी. तो अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणाऱ्या संघटनेत माहिती-सुरक्षेचा प्रमुख होता. त्याने सोडतीच्या प्रोग्रॅममध्ये असा कोड घुसवला की वर्षातल्या ठराविक तारखांना आकडे आधीच ओळखता यावेत. 2010 च्या डिसेंबरमधल्या सोडतीचं तिकीट त्याने स्वतः घेतलं आणि दुकानातल्या कॅमेऱ्यात सापडला. 2017 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला 25 वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

दोन्ही गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे. आकडा ओळखणाऱ्यांनी जुन्या निकालांचा चार्ट पाहिला नव्हता. त्यांना यंत्राचं पोट माहीत होतं.

मग खरं रँडम आहे तरी कुठे?

नाणेफेक? नाणं किती जोरात उडवलं, किती फिरलं, हे सगळं मेकॅनिक्समध्ये बसतं. 2023 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी 3,50,757 वेळा नाणी उडवून घेतली. सुरुवातीला जी बाजू वर होती तीच 50.8 टक्के वेळा वर आली. रुलेटचं चाकही तसंच. 1961 मध्ये एडवर्ड थॉर्प आणि माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन यांनी अंगावर लपवता येईल असा छोटा कॉम्प्युटर बनवला. चाकाचा आणि गोटीचा वेग बुटातल्या स्विचने मोजून गोटी कुठल्या भागात पडेल याचा अंदाज ते बांधत. 1985 मध्ये नेवाडा राज्याने अशा यंत्रांवर कायद्याने बंदी घातली.

म्हणजे नाणं, फासे, चाक हे सगळं आपल्या अज्ञानापुरतंच रँडम. गणित अवघड आहे, अशक्य नाही.

अणूच्या पातळीवर मात्र चित्र बदलतं. रेडियम-226 चा अर्धायुकाल सुमारे 1600 वर्षं. ढिगातले निम्मे अणू तेवढ्या काळात फुटणार हे नक्की, पण हाच अणू आज फुटेल की हजार वर्षांनी, हे कोणी सांगू शकत नाही. आइन्स्टाइनला हे पटलं नव्हतं. आत काहीतरी लपलेलं असणार, आपल्याला ते दिसत नाही इतकंच, असं त्याचं मत. 1964 मध्ये जॉन बेलने यावर तपासून बघता येईल अशी कसोटी दिली. पुढे अनेक प्रयोग झाले आणि 2022 चं भौतिकीचं नोबेल याच कामासाठी अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना मिळालं. निष्कर्ष असा की प्रत्येक कणाच्या खिशात उत्तराची चिठ्ठी आधीच ठेवलेली असते, हे साधं चित्र टिकत नाही. पळवाटा काढणारे सिद्धांत अजून आहेत, पण बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ इथे निसर्ग खरोखरच रँडम आहे असं मानतात. ब्रिटनमध्ये प्रीमियम बाँडच्या बक्षिसांचे आकडे 2019 पासून क्वांटम तंत्राच्या यंत्रावर काढले जातात.

आता मामांची वही

मामांचं म्हणणं, "7 चाळीस दिवस आला नाही, आता येणारच." दहा आकड्यांतला एखादा आकडा सलग 40 दिवस न येण्याची शक्यता 0.9 चा चाळीसावा घात, म्हणजे दीड टक्का. फार कमी वाटते. पण आकडे दहा आहेत आणि दिवस खूप. रोजचा एक निकाल धरला तर 300 दिवसांत सरासरी चार वेळा कुठला ना कुठला आकडा असा दडी मारतोच. आणि एक्केचाळिसाव्या दिवशी 7 येण्याची शक्यता? दहात एक. आकड्याला वही वाचता येत नाही. 1913 साली मोंटे कार्लोत रुलेटवर काळा रंग सलग 26 वेळा आला. "आता लाल येणारच" म्हणत लोक लाल रंगावर पैसे ओतत राहिले आणि धुऊन निघाले.

म्हणजे आकडा खरा रँडम असेल तर वहीचा उपयोग शून्य. आणि तोतया असेल, किंवा कुठल्या आकड्यावर किती पैसे लागलेत हे बघून तो काढला जात असेल, तर फायदा काढणाऱ्याचा. मामा दोन्हीकडे गिऱ्हाईकच.

समजा सगळा व्यवहार अगदी चोख आहे. एका आकड्याला रुपयाला नऊ रुपये भाव. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावा. आकडा शंभर टक्के लागणार! खिशातून गेले दहा, हातात आले नऊ. प्रत्येक फेरीला दहा टक्के कापले जातात. शंभर रुपये आणि त्यातून सुटणारे पैसे असे सात वेळा फिरवले तर सरासरी 48 उरतात, बावीस वेळा फिरवले तर 10. युरोपातल्या रुलेटवरही हीच कापाकापी आहे, फक्त 2.7 टक्क्यांची, कारण घरं 37 आणि भाव 36 चा. क्वांटम यंत्र आणून बसवलं तरी हा भाव बदलत नाही.

हे सगळं मी मामांना गिऱ्हाईक नसताना दुपारी सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग पहिल्या दिवशी 3 कसा लागला?"

"दहात एकदा लागतोच मामा. दहा पोरांनी दहा वेगळे आकडे सांगितले असते तर एक जण ज्योतिषी ठरला असता. या वेळी मी ठरलो."

मामा थोडा वेळ पातेलं ढवळत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दर दहा चहांमागं एक चहा मी त्याला पाजतो."

"रोज, आणि पैसे न घेता."

त्यांनी मटका सोडला का, ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पण परवा वही उघडी दिसली. चार्टच्या मागच्या कोऱ्या पानांवर आता खरंच उधारी लिहायला घेतली आहे. पहिलंच नाव माझं, 64 रुपये. आणि हा आकडा मात्र अजिबात रँडम नाही.