रेवा उजव्या हाताला

वाघोडियासारख्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना नर्मदादर्शन घडते ते मुंबईच्या वाटेवर, रेल्वेच्या खिडकीतून. भरुचचा पूल आला की आई पात्रात नाणे सोडी व हात जोडी. परिक्रमेची तिची इच्छा मात्र गुडघ्यांमुळे राहून गेली. म्हणून बडोद्याहून प्रथमच विमानाने मुंबईस निघालो, तेव्हा निदान रेवासागरसंगम तरी तिला वरून दाखवावा, असे मनात होते.

आग्रहाने मी खिडकी मागून घेतली, ती नेमकी डावीकडची! विमान जाते दक्षिणेस. सकाळचे ऊन डावीकडून डोळ्यांवर येते आणि खंबायतचे आखात राहते उजवीकडे. मराठीच्या मास्तराचा भूगोल हा असा!

पुढच्या खेपेस, पावसाळा सरल्यावर, उजव्या बाजूची ‘एफ’ जागा घेतली. तीही पंखाच्या बरीच पुढे, कारण पंखालगतच्या खिडकीतून खाली पत्राच दिसतो. थोड्याच वेळात भरुचचा १८८१ सालचा लोखंडी पूल काडीएवढा दिसला. तेथून पश्चिमेस पात्र रुंदावत, गढूळ होत आखातात विरून गेले होते. विमलेश्वराहून मीठी तलाईस परिक्रमावासी नावेने जातात, ते हेच पाणी. परिक्रमेतही रेवा उजव्या हातासच ठेवतात, हे आईनेच मला सांगितले.

मग तिने मूठ उघडली. आत नाणे होते. ही खिडकी उघडत नाही, हे कळल्यावर ते तिने पदराच्या टोकाला बांधले.

“येताना रेल्वेने येऊ,” ती म्हणाली.